खोट्या पट्टीचे अण्णा

अण्णांच्या खिशातली पट्टी खोटी होती, आणि ती खोटी आहे याचा त्यांना फार अभिमान होता. नवखा माणूस भेटला की ते शर्टाच्या खिशातून ती पोलादी फूटपट्टी काढत, शेजारी एक साधी पट्टी ठेवत आणि विचारत, "बघा पावणं, ह्यातली खरी कुठली?" दोन्हींवर आकडे तेच, तीस सेंटीमीटर. पण अण्णांची पट्टी चार मिलिमीटरनं लांब. समोरचा गोंधळला की अण्णा खूश. दिवसभराचं त्यांचं करमणुकीचं काम झालेलं असायचं.

अण्णा म्हणजे बाळगोंडा चौगुले. राहायला गडमुडशिंगीत, कामाला शिरोली एमआयडीसीत. फाउंड्रीत जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू सोडायचा. हा नमुना करणारा तो पॅटर्नमेकर. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना जरासा मोठा ठेवतात आणि म्हणूनच पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचा सेंटीमीटर मुळातच थोडा मोठा असतो. याला अण्णा 'सूट' म्हणत. त्यांचं सगळं आयुष्य ह्या 'सूट'वरच चाललेलं होतं. घरातून निघताना वेळेला सूट, सुनेच्या बोलण्याला सूट, उसाला उशिरा येणाऱ्या पाण्याला सूट. फक्त आमच्यासारख्या शिकलेल्या माणसांना त्यांच्याकडे कसलीही सूट नव्हती.

डोक्याला पांढरी टोपी, कानावर पेन्सिल, आणि आवाज असा की भट्टी सुरू असतानाही दाराबाहेर ऐकू यावा. एका कारखानदारानं त्यांना हातपंपाच्या दांड्याचं ड्रॉइंग आणून दिलं होतं. अण्णा ते घेऊन गावातल्या पंपावर जाऊन बसले, ते दुपारपर्यंत. शेवटी पाणी भरणाऱ्या बायकांनी विचारलं, "अण्णा, कामधंदा हाय का न्हाय?" "कामच कराय लागलोय की," अण्णा म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी केलेला नमुना ड्रॉइंगपेक्षा हातभर लांब निघाला. पंप एकटी बाई कधीच मारत नाही, शेजारीण हात लावते. दांड्याला दोन नाही, चार हातांची जागा लागते. कारखानदार भडकला. ड्रॉइंगवर सही कुणाची आहे, म्हणाला. "सही तुमचीच हाय," अण्णा म्हणाले, "पर पाणी त्या भरत्यात."

ही गोष्ट मला ठाऊक असूनही मी त्यांच्याकडे गेले ते ड्रॉइंग घेऊनच. मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात डिझाइन शिकवते. गारगोटीच्या पुढं डांबरी रस्ता संपतो, तिथून दीड तास चढून गेलं की गवळी धनगरांचा एक वाडा लागतो. बारा-पंधरा घरं, म्हशी, नाचणीचे तुकडे आणि भोवती जंगल. आदल्या पावसाळ्यात तिथली एक अडलेली बाई खाली आणताना वाटेतच गेली. घोंगडं बांबूला बांधून केलेल्या झोळीत, पोटातल्या बाळासकट. ते कळल्यावर आमच्या विभागानं मोठ्या उत्साहानं एक स्ट्रेचर बनवला. हलक्या नळ्या, निळं कापड, चार मजबूत मुठी. नारळ फोडून तो वाड्याला दिला. सगळे "चांगलं हाय की" म्हणाले. काही महिन्यांनी मी गेले तर त्यावर रेडकांचं गवत रचलेलं होतं. मला वाटलं, मुठी जड झाल्या असतील. म्हणून सुधारलेलं ड्रॉइंग घेऊन मी अण्णांपुढं उभी राहिले.

अण्णांनी ड्रॉइंगवर चहाचा ग्लास ठेवला. "मॅडम, पयलं का वापरलं न्हाय त्येनी?"

"तेच सुधारलंय ना. वजन कमी केलंय."

"वजन जास्त हाय म्हणून कोण बोललं?"

कुणीच बोललं नव्हतं. रागावले की अण्णांच्या तोंडी मॅडमची पोरगी व्हायची. "पोरी, ह्ये गुंडाळ आनि ठेव. आईतवारी वाड्यावर जाऊया. जाऊन ईस्तोवर पेन्सिल हातात धरू नगस."

फाल्गुनातल्या एका रविवारी आम्ही वाडा चढलो. अण्णा तेव्हा साठीच्या पुढचे, पण धापा टाकत का होईना, चढले. वाड्यावरच्या सगळ्यांत जुनं माणूस म्हणजे ठकूबाई. झोळीत गेलेली ती बाई त्यांची थोरली नातसून. अण्णांनी पाणी घेतलं, दम खाल्ला आणि गवत रचलेल्या स्ट्रेचरकडं बोट केलं.

"आजी, ह्ये का वापरत न्हाईसा?"

ठकूबाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं. "खरं सांगू व्हय?"

"खरंच सांगा की. खोटं ऐकाय दीड तास चढून आलोय व्हय?"

"चौघांनी उचलायचं, आडवं निजवून. जित्या माणसाला असं कोण न्हेतं?"

अंगावर पाणी पडावं तशी मी उभी राहिले. चार खांदे कशाला लागतात हे मला माहीत नव्हतं असं थोडंच? मी स्वतः वडिलांना तसं नेताना पाहिलेलं. पण कागदावर ते खांदे राहिले नाहीत, मुठी झाल्या. वाड्यात जिवंत माणूस दोघांनी न्यायचा, एकाच बांबूवर, हा नियम. चार जण लागतात ते शेवटच्या वाटेला. त्यात पायवाटही एका माणसाच्या रुंदीची. एवढं सगळं त्या बाईंनी एका वाक्यात सांगितलं आणि आम्ही महिनाभर मुठींचं रबर निवडत बसलो होतो.

अण्णा आधी मनसोक्त हसले. मग टोपी काढून ठकूबाईंना म्हणाले, "आजी, चुकलं. आमी इचारलं न्हाय." त्या 'आमी'मध्ये ते स्वतः नव्हतेच, हे मला आजही टोचतं.

त्या दिवशीची एक साधी गोष्ट अण्णा पुढं कितीतरी जणांना सांगत. जेवायची वेळ झाली तेव्हा ठकूबाईंनी भाकरी थापण्याआधी विचारलं, "अण्णा, तुमास्नी काय चालतं, काय न्हाय?" अण्णा जैन. कांदा-लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही. त्यांनी सांगितलं. ठकूबाईंनी मान हलवली, नाचणीची भाकरी, तूप आणि दूध पुढं ठेवलं, आणि परतीच्या वाटेत सूर्य मावळायच्या आत खाता याव्यात म्हणून आणखी दोन भाकऱ्या बांधून दिल्या. "बघितलंस?" अण्णा मला म्हणाले. "साधी भाकरी द्यायची तरी आदी इचारलं. आनि तुमी माणूस उचलाय निघालता."

मग खरं काम सुरू झालं. "काय पाहिजे ते सांगा" असं अण्णा कुणालाच विचारत नसत. ते म्हणाले, "मला उचलून दावा." ठकूबाईंचा नातू धोंडू आणि त्याचा भाऊ यांनी घोंगडं बांबूला बांधलं, अण्णा आत शिरले आणि दोघं उताराला लागले. अण्णा अंगानं भरलेले. आतून आरोळ्या सुरू. "गुडगं छातीला लागालेत रं! डोस्कं बांबूवर आपटालंय! आरं, वळणावर भवरा झालाय माझा!" सगळा वाडा बाहेर येऊन हसत होता. बाहेर काढलं तेव्हा टोपी कुठं, चष्मा कुठं. पण ते हसत नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोटूशी बाई ह्यात दीड तास घडी हून बसती. कळ आली तर पाय कुठं ताणंल?"

ते ठकूबाईंनी ऐकलं. जरा वेळानं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "रानात व्यालेल्या म्हशीचं रेडकू आमी डालग्यात बसवून आणतो. माणसाला मातूर झोळी."

अण्णा जागचे उठले. "आजी, परत बोला."

"डालगं. रेडकाला बसवाय बांबूचं डालगं इणतो आमी. बूड पसरट, काठ जाड."

"माणसाचं हुईल?"

"पाठ उच्ची केली, म्होरनं पायाला मोकळं सोडलं, तर का हुईत न्हाय? मी इणतो की." आमच्याकडं जुन्या बायाही 'करतो', 'जातो'च म्हणतात. "बांबू घरातच हाय. चुलीवरच्या माळ्यावर दोन वर्सं धूर खातोय. त्येला किडा लागत न्हाय. पर डालगं बांबूला टांगायचं कसं, ते तू बघ." पावण्याचा 'तू' झाला होता. "आनि धाकट्या नातसुनेचं, सखूचं, भादव्यात दिस भरत्यात. वाट आषाढातच निसरडी हुती. तवर करतोस काय बोल."

सखू दारात उभी होती. तिच्या थोरल्या जावेचं काय झालं हे तिच्या डोळ्यांदेखत घडलेलं. अण्णा निघताना तिच्याकडं बघून म्हणाले, "करतो."

वैशाखात डालगं तयार झालं. काय देखणं विणलं होतं! पाठ उंच, मांडीखाली जागा पसरट, पुढं पाय सोडायला खोलगट, आणि काठ मनगटाएवढा. अण्णा त्याच्याभोवती दोनदा फिरले, हात फिरवला, खिशातून पट्टी काढून तोंड मोजलं, माप तळहातावर लिहून घेतलं. शिरोलीला येऊन त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचं एक गोल कडं ओतून घेतलं. त्याला वर दोन हात, आणि हातांना बांबूवर बसणारी फिरती कडी. डालगं कड्यात बसवायचं; मग चढ असो की उतार, बसणारा सरळच राहणार. कल्पना अण्णांची, आणि तिच्यावर ते इतके फिदा होते की वाटेत एसटीतल्या कंडक्टरलाही त्यांनी ती समजावून सांगितली.

आषाढाच्या सुरुवातीला आम्ही कडं घेऊन वर गेलो. सगळा वाडा जमला. धोंडूनं डालगं उचलून कड्यात सोडलं. ते काठाच्या चार बोटं खालीच अडकलं आणि डुगडुगायला लागलं.

"दाबा जरा," अण्णा म्हणाले.

"दाबू नगस," ठकूबाई म्हणाल्या. "डालगं मोडंल. तुझं कडं ल्हान झालंय."

"आजी, चाळीस वर्सं नमुनं करतोय. माझं माप चुकत न्हाय. तुमचं डालगं फुगलं असंल पावसाळी हवंनं."

ठकूबाईंनी डालग्याच्या तोंडावर वीत टाकली. एक, दोन, तीन. बरोबर तीन विती. मग कड्यावर टाकली. तिसरी वीत अर्ध्या बोटानं बाहेर राहिली. "माझी ईत हवंनं फुगती व्हय?" त्या म्हणाल्या.

अण्णांनी खिशातली पट्टी काढली आणि तिच्याकडं बघतच राहिले. मलाही तेव्हाच उमगलं. त्यांनी डालगं मोजलं होतं तेच मुळी खोट्या पट्टीनं. लांब सेंटीमीटरनं मोजल्यामुळं माप कमी भरलं, त्याच पट्टीनं केलेला नमुना जेमतेम डालग्याएवढाच झाला, आणि ओतलेलं कडं आकसून लहान पडलं. जन्मभर सवयीनं खिशात ठेवलेल्या पट्टीनं, सवयीनंच घात केला. पॅटर्नमेकरशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती.

अण्णा दगडावर बसले. "लोकास्नी सांगत आलो, हिनं वस्तू मोजायची न्हाय म्हणून. आनि मीच मोजली." आवाज इतका बारीक की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. सखूला सातवा सरत होता. ती डालग्याला टेकून उभी होती. तिच्याकडं बघायची माझी छाती होईना.

ठकूबाईंनी त्यांच्यापुढं ताकाचं भांडं ठेवलं. "हुतंय की रं. परवा मी भाकड म्हशीखाली चरवी घिऊन बसलो हुतो. म्हस बी बघाय लागली माझ्याकडं."

अण्णांनी ताक पिऊन भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "आजी, हात द्या." बांबूची एक कांब घेऊन त्यांनी तिच्यावर ठकूबाईंची वीत कोरून घेतली, एकामागून एक तीन वेळा. ती कांब त्यांनी काखेत मारली आणि ते तडक खाली उतरले. शिरोलीच्या त्यांच्या कामाच्या टेबलावर ती कांब आठ दिवस पडून होती आणि तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मालकांना त्यांनी सरळ सांगितलं, "माझं चुकलंय, परत ओतायचंय, आनि तुमच्या कामाच्या आदी ओतायचंय." चाळीस वर्षांत पहिल्यांदा अण्णा 'माझं चुकलंय' म्हणाले होते. मालक इतके चकित झाले की त्यांनी होकार दिला.

दुसरं कडं वर गेलं तेव्हा वाट निसरडी झाली होती. या वेळी कुणी जमलं नाही, कुणी हसलं नाही. डालगं कड्यात सोडलं. काठ कड्यावर टेकला आणि हलायचं थांबलं. अण्णांनी चारी बाजूंनी हिसकून पाहिलं. ठकूबाई सखूला म्हणाल्या, "थांब. आदी मी बसतो." सत्तरी ओलांडलेली ती बाई डालग्यात बसली. दोघांनी बांबू उचलला, उतारावरून ओढ्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. उतरल्यावर त्या अण्णांना एवढंच म्हणाल्या, "झोप लागली असती." मी तिथं उभ्या उभ्या रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

भाद्रपदात एका सकाळी धोंडूचा फोन आला. अण्णा आणि मी गाडीनं निघालो. डांबरी रस्ता संपतो तिथं रुग्णवाहिका आधीच येऊन थांबली होती. पाऊस असा की समोरचं झाड दिसत नव्हतं. अण्णा छत्रीसुद्धा न उघडता वाटेकडं बघत उभे. आणि मग झाडीतून ते बाहेर आलं. पुढं धोंडू, मागं त्याचा भाऊ, मधे डालगं, आणि डालग्यावर बांबूचं आणि पानांचं मोठं इरलं, पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं तसलं, पण छपराएवढं. ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. ठकूबाईंनी आपल्या आपण विणून वर चढवलं होतं. त्याखाली सखू पाय ताणून, काठ घट्ट धरून ताठ बसलेली. एक थेंब अंगावर नाही. मागून ठकूबाई चालत.

अण्णा धावले आणि त्यांनी आधी कडं चाचपलं.

"आरं, आदी पोरीकडं बघ की!" ठकूबाई ओरडल्या.

गारगोटीच्या दवाखान्यात दुपारी सखूला मुलगी झाली. दोघी सुखरूप. अण्णांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटेल त्याला पेढे वाटले आणि इतक्या मोठ्यानं बोलले की नर्सनं येऊन दोनदा गप्प केलं. तिलाही त्यांनी पेढा दिला. ठकूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. थोरल्या नातसुनेचं नाव त्यांनी एकदाच घेतलं आणि पदर डोळ्याला लावला. अण्णा त्यांच्याशेजारी फरशीवर जाऊन बसले.

अण्णा गेले तेव्हा मी परगावी होते. म्हणून माझ्याकडचं त्यांचं शेवटचं चित्र त्याच्या काही महिने आधीचं आहे, आणि ते तसं आहे याचा मला आनंद वाटतो. सखूच्या बाळंतपणाला तेव्हा काही वर्षं लोटली होती; ठकूबाईंना भेटायला म्हणून आम्ही निघालो होतो. गारगोटीत दवाखान्यासमोर चहाला थांबलो, तर फाटकातून दोन माणसं बाहेर येऊन बाजारातल्या जीपच्या थांब्याकडं निघाली. खांद्यावर बांबू, बांबूला डालगं, आत पायाला प्लास्टर घातलेला एक म्हातारा. दोघं ओळखीचे नव्हते. दुसऱ्या कुठल्या तरी वाड्यावरचे. अण्णा चहा टाकून पुढं गेले आणि वाकून बघायला लागले. अ‍ॅल्युमिनियमचं कडं नव्हतंच. त्याच्या जागी वेताचं जाडजूड, पिळून बांधलेलं कडं, आणि फिरत्या कडीऐवजी दोराचा एक साधा फास. अण्णांनी डालगं हलवून पाहिलं. ते सरळच राहत होतं.

"पावणं, ह्ये कुणी केलं?"

"आमीच की," पुढचा म्हणाला.

"शिकवलं कुणी?"

"शिकवायचं काय त्यात? आमचंच हाय ह्ये. पयल्यापासनं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षांचा अनुभव, दोनदा ओतलेलं कडं, ती सगळी धावपळ! "अण्णा, सांगा की त्यांना," मी म्हणाले. अण्णांनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. चेहरा असा फुललेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, सखूच्या मुलीच्या वेळीसुद्धा.

"व्हय," ते त्या माणसाला म्हणाले. "तुमचंच हाय." मग जरा घुटमळून, "जीपपतोर मी धरू का मागनं?"

मागच्यानं हसून बांबू त्यांच्या खांद्यावर दिला. अण्णांनी टोपी सारखी केली, खांदा लावला आणि भर बाजारपेठेत पाऊल उचललं. चार पावलांत डालगं झोके घ्यायला लागलं. म्हातारा कण्हला. पुढच्यानं मान वळवून आवाज दिला, "पावणं, माझ्या पावलाला पाऊल लावू नगा! मी उजवा टाकला की तुमी डावा टाका, मग झोका बसत न्हाय!"

अण्णा थांबले. पाय बदलला. डालगं शांत झालं. त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं आणि सगळ्या गारगोटीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आगं, ह्ये मला ठावंच नव्हतं!"